सत्तरच्या दशकातली मराठी नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७१ ते १९८० या काळात मराठी घरांत जन्मलेल्या मुलामुलींच्या नावांबद्दल हे पान आहे. ही मंडळी आज पंचेचाळिशी ते पंचावन्नीच्या दरम्यान आहेत. कुणी दहावीच्या बॅचचा ग्रुप चालवतंय, कुणी आईवडिलांच्या कागदपत्रांतली नावं जुळवतंय, तर कुणाला कथेतल्या पात्राचं बारसं करायचंय. त्यामुळे प्रश्नही थोडे सरमिसळ आहेत.

त्या दशकात सगळ्यांत जास्त कोणती नावं ठेवली गेली?

मुलांमध्ये सचिन, अमोल, संदीप, नितीन, राहुल, प्रशांत, महेश, योगेश, नीलेश, शैलेश, संतोष, गणेश, विनोद, अभिजित, मंदार, हेमंत. मुलींमध्ये वैशाली, मनीषा, सुनीता, संगीता, कविता, स्वाती, रूपाली, सोनाली, दीपाली, अर्चना, वर्षा, ज्योती, अश्विनी, पल्लवी, शिल्पा, सारिका, माधुरी.

यादी वाचताना आपल्या तुकडीचा हजेरीपट आठवला असेल, तर यादी बरोबर आहे. बाईंनी "सचिन" म्हटल्यावर दोन-तीन "हजर" एकदम यायचे, मग बाई वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर लावायच्या: सचिन अ., सचिन म., सचिन शं. पोरांची पद्धत याहून सोपी आणि क्रूर होती. लंबू सचिन, चष्मेवाला सचिन, आणि तिसऱ्याला थेट आडनावाने हाक. अजूनही त्या ग्रुपवर कुणी नुसतं "सचिनच्या वडिलांना ॲडमिट केलंय" असं टाकलं की पहिला प्रश्न "कुठला सचिन?" हाच येतो.

यात पहिला नंबर नेमका कुणाचा?

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतं. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, पण नावांची अशी क्रमवारी सरकार काढत नाही. त्यामुळे "१९७५ मधलं क्रमांक एकचं मराठी नाव" असं छातीठोक सांगणाऱ्या याद्या वाचून करमणूक करून घ्यावी, विश्वास ठेवू नये.

स्वतः पडताळायचं असेल तर मतदारयादी उघडा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय शेजारी शेजारी असतात. आपल्याच प्रभागातले पंचेचाळीस ते पंचावन्न वयाचे मतदार वेगळे काढा आणि मोजा. शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं तर उत्तमच. यातून महाराष्ट्राचा आकडा मिळणार नाही, पण आपल्या गल्लीचा मिळेल, आणि नावांच्या बाबतीत गल्लीच जास्त बोलकी असते.

एवढे सचिन झाले ते तेंडुलकरमुळे ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की खुद्द पन्नाशीतले सचिनही मान डोलावतात. तेंडुलकरचा जन्म २४ एप्रिल १९७३ चा आणि पहिली कसोटी तो कराचीला खेळला १५ नोव्हेंबर १९८९ ला. म्हणजे सत्तरच्या दशकात पाळण्यात असलेल्या एकाही सचिनचं नाव त्याच्यावरून ठेवलेलं असू शकत नाही. उलट तोच त्या लाटेतला एक सचिन. त्याचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी मुलाचं नाव ठेवलं ते आवडत्या संगीतकारावरून, सचिनदेव बर्मन यांच्यावरून.

नाव त्याआधीच मराठी घरांत रुळलं होतं. सचिन पिळगावकर १९५७ चे, सचिन खेडेकर १९६५ चे. पिळगावकर लहानपणीच पडद्यावर आले, त्यामुळे एक गोड, गोरागोमटा, शहरी मुलगा आणि "सचिन" यांची सांगड लोकांच्या मनात बसलेली होती.

त्या पिढीची नावं एका ठिकाणी पाहायची असतील तर नव्वदच्या दशकातला मुंबईचा रणजी संघ आठवा: सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, अमोल मुझुमदार, नीलेश कुलकर्णी, साईराज बहुतुले, पारस म्हांब्रे, जतीन परांजपे, अजित आगरकर. सगळे १९७२ ते १९७७ मधले जन्म. साईराज आणि पारस सोडले तर हा कुठल्याही मराठी शाळेतला बाक वाटेल.

आणि अमोल?

इथे मात्र पडद्याचं श्रेय मान्य करायला हरकत नाही. १९७४ ते १९७६ या दोन-तीन वर्षांत अमोल पालेकर हिंदी सिनेमाचा नायक झाले. बसने कचेरीत जाणारा, लाजराबुजरा, कुणालाही जावई म्हणून चालला असता असा. गंमत अशी की त्याच काळात अमिताभ बच्चन यांची क्रेझ कितीतरी मोठी होती, पण मराठी घरांत "अमिताभ" फारसे झाले नाहीत. राजेश झाले, अमोल झाले, अमिताभ पोस्टरवरच राहिले. नाव ठेवताना लोक पडद्यावरचा पराक्रम बघत नव्हते. आपल्या आडनावाआधी ते शोभेल का, हे बघत होते. "अमोल जोशी", "अमोल पाटील", "अमोल गायकवाड", तिन्ही आपापल्या घरात बरोबर बसतात.

क्रिकेटचं एक उदाहरण मात्र थेट आहे. सुनील गावसकरांच्या मुलाचा जन्म १९७६ चा. त्याचं नाव रोहन जयविश्व. वेस्ट इंडिजचे रोहन कन्हाय, एम. एल. जयसिंह आणि गुंडाप्पा विश्वनाथ, असे तीन खेळाडू एका नावात बसवलेत. ऐंशीच्या दशकात "रोहन" घरोघरी दिसू लागला.

त्याआधी काय वेगळं होतं? नावं तर प्रत्येक पिढीत बदलतातच.

बदलतात, पण त्याआधी नाव बहुतेक वेळा घरातच तयार असायचं. आजोबा वारले असतील तर पहिल्या नातवाला त्यांचं नाव. नाहीतर कुलदैवताचं. नाहीतर ज्या दिवशी जन्मला त्या तिथीचा देव. एकाच घराण्यात एकाआड एक पिढीत विष्णू-गोविंद-विष्णू-गोविंद अशी माळ दिसते ती त्यामुळेच. आजीच्या पिढीत गोदावरी, भागीरथी, द्वारका, चंद्रभागा, म्हणजे नद्या आणि तीर्थं. मग चाळीस-पन्नासच्या दशकात कुसुम, सुमन, मालती, नलिनी, शालिनी, विमल, निर्मला अशी बाग फुलली आणि मुलांमध्ये मधुकर, प्रभाकर, दिनकर, सुधाकर, भास्कर असे "कर" आले. इथून घराबाहेरची नावं आत यायला सुरुवात झाली.

सत्तरच्या दशकात हे पूर्ण झालं. जोडपं गावातल्या वाड्यातून पुण्या-मुंबईच्या, नाशिक-औरंगाबादच्या दोन खोल्यांत आलेलं. रेडिओ होताच, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या वाचायच्या. भिंतीवर १९७३ पासून कालनिर्णय लागलं. नाव ठरवताना पहिल्यांदाच असं म्हटलं जाऊ लागलं की "आपल्यात कुणाचं नसेल असं ठेवू". आजोबांचं "सखाराम" मागे पडलं आणि त्यांचा मान राखायला ते पत्रिकेत तेवढं ठेवलं.

आणि "आपल्यात कुणाचं नाही" असं नाव शोधणारे सगळे एकाच रेडिओला कान लावून, एकच मासिक वाचून, शेजारच्या त्याच बिऱ्हाडाकडे बघून नाव शोधत होते. त्यामुळे नात्यात नसलेलं नाव वर्गात मात्र तिघांचं निघालं. सखारामांच्या गावात सखाराम दोन असतील, पण ते चुलत भाऊ असायचे. सचिनच्या वर्गातले तीन सचिन एकमेकांचे कुणीच नव्हते.

"-एश" आणि "-आली" यांचा एवढा सुकाळ का?

महेश, योगेश, नीलेश, शैलेश, मंगेश, रूपेश, जयेश. वैशाली, रूपाली, सोनाली, दीपाली, मिताली, चैताली. एका मुलाचं योगेश ठेवलं की दुसऱ्याचं आपोआप नीलेश. मोठी रूपाली तर धाकटी दीपाली. भावंडांची नावं पाळणागीतासारखी जुळली पाहिजेत असा तेव्हा आग्रहच होता. तीन अक्षरं, शेवट गोल, हाक मारायला सोपं. जुन्या नावांसारखं तोंडात मोडून "सख्या", "गोंद्या" होणार नाही अशीही आशा होती. ती फोल ठरली, "योग्या", "निल्या", "मंग्या" झालेच.

सोनाली तर इतकं टिकाऊ निघालं की मराठी सिनेमात सोनाली कुलकर्णी नावाच्या दोन नायिका आहेत, एक १९७४ ची आणि दुसरी १९८८ ची. शिवाय १९७५ ची सोनाली बेंद्रे वेगळी.

राहुल हे नाव गांधी घराण्यावरून आलं का?

काही घरांत आलंही असेल, राहुल गांधींचा जन्म १९७० चा आहे. पण महाराष्ट्रात या नावाला त्याहून जुनी आणि खोल वाट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये नावं मुद्दाम बदलली गेली. ज्या समाजावर गावाने दगडू, धोंडू, कचरू अशी नावं लादली होती, किंवा चांगलं नाव ठेवलं तरी ते तोडून हाक मारली होती, त्या समाजाने सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक, महेंद्र, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा अशी नावं ठेवली. राहुल हा बुद्धाचा मुलगा. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं होतं, तेव्हा ही नावं शिक्षणाच्या दारावरच लिहिलेली होती.

सत्तरच्या दशकात शाळेत गेलेल्या अनेक घरांतली मुलं ही दुसरी पिढी. वडील भीमराव किंवा नामदेव, मुलगा राहुल, मुलगी सुजाता. त्याच वर्गात शेजारच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या राहुलच्या घरी हे नाव फक्त "छान वाटतं" म्हणून ठेवलेलं. इंदूरला १९७३ मध्ये मराठी घरात जन्मलेला द्रविडही राहुलच. वैशालीचंही तसंच. कुणासाठी ती बुद्धाच्या चरित्रातली लिच्छवींची नगरी, कुणासाठी रूपालीशी जुळणारं नाव. मिलिंदही असाच दोन्हीकडचा: एका घरी नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा, दुसऱ्या घरी कवितेतला भुंगा.

म्हणून नुसत्या पहिल्या नावावरून जात ओळखायचा खेळ या पिढीपाशी फसतो. मग लोक पुढचा प्रश्न विचारतात, "पूर्ण नाव काय?" तो प्रश्न कशासाठी असतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

सगळीकडे हीच नावं होती का? आमच्या गावात तर एकही अमोल नव्हता.

नसणारच. शहरात १९७२ ला आलेलं नाव तालुक्याला पोचायला आणि तिथून वाडीत उतरायला वर्षं लागायची. शिवाय गावाचं दैवत भक्कम असेल तर फॅशनचं काही चालत नाही.

विदर्भात शेगावच्या गजानन महाराजांमुळे गजानन पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. अकोला-बुलढाण्याकडे चारचौघांत "गजू" अशी हाक मारून बघा. मराठवाड्यात बालाजी, वैजनाथ, नागनाथ, व्यंकट. सोलापुरात सिद्धेश्वर, सिद्राम. कोल्हापूरकडे ज्योतिबामुळे ज्योतिराम. जेजुरीच्या भक्तांत खंडू, मल्हारी, मार्तंड. बेळगाव-चंदगडच्या मराठी घरांत परशराम, कल्लाप्पा, भरमू, यल्लाप्पा. त्यातला यल्लाप्पा सौंदत्तीच्या यल्लम्माचा. सिंधुदुर्गात रवळनाथाचा रवळू. गोव्यात मंगेश, नागेश, दामोदर, शांता ही फोंड्याच्या आणि जांबावलीच्या देवळांतून घरात आलेली नावं. मंगेश हे गंमतीदार नाव आहे, कारण गोव्यात ते कुलदैवताचं आणि डोंबिवलीत "-एश"च्या लाटेतलं. आत्या दोन्हीकडे खूश.

खानदेशात त्या दशकातही आधार, हिरामण, सुपडू भेटतात. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला सुपात घालायचं, म्हणून सुपडू. उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलायचं, म्हणून उखर्डू. दुसऱ्याकडून भीक म्हणून मागून घ्यायचं, म्हणून भिका. मरणाने या पोराकडे बघू नये म्हणून ठेवलेली ही नावं. गावोगावी दवाखाने आणि लसी पोचल्या तशी ही नावं मागे पडली. याला फॅशन म्हणता येणार नाही.

"बाळासाहेब", "भाऊसाहेब" ही कागदावरची खरी नावं असतात?

असतात. नगर, नाशिक, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात बाळासाहेब, भाऊसाहेब, आण्णासाहेब, रावसाहेब ही जन्मनावं म्हणून सर्रास सापडतात. बऱ्याचदा ते काम शाळेतल्या गुरुजींचं. पोराला घरात "बाळू" म्हणत. वडील त्याला घेऊन पहिलीत घालायला आले. गुरुजींनी विचारलं, "नाव?" "बाळू." गुरुजींनी रजिस्टरात बाळासाहेब लिहिलं, किंवा मूड वेगळा असेल तर बाळकृष्ण. झालं, तेच दाखल्यावर, तेच सातबाऱ्यावर, तेच आधारवर.

जन्मतारखेचंही गुरुजीच पाहायचे. आपल्याकडे त्या वयाच्या एवढ्या लोकांचा वाढदिवस १ जूनला का येतो, याचं उत्तर त्याच टेबलावर आहे. जूनमध्ये शाळा सुरू, मूल सहा वर्षांचं पाहिजे, तारीख कुणालाच आठवत नाही, मग १ जून. दरवर्षी त्या दिवशी ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो आणि निम्म्यांना हसू.

बारशाला नाव कोण ठरवायचं? आत्याच ना?

मान आत्याचा. पाळण्याभोवती बायका जमायच्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे द्यायच्या, मग आत्या वाकून कानात "कुर्रर्र" करून नाव सांगायची आणि बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालायच्या. त्याआधी भटजींसमोर ताम्हनात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहायची. चार नावं: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं. आजोबांचा सखाराम बिचारा या तांदळात कुठेतरी बसवला जायचा.

प्रत्यक्षात सत्तरच्या दशकात निर्णय बारशाच्या आधीच आईवडिलांनी घेतलेला असायचा आणि आत्याला आदल्या रात्री चिठ्ठी मिळायची. तिने ऐनवेळी स्वतःच्या पसंतीचं नाव उच्चारलं आणि तेच राहिलं, अशा कथाही प्रत्येक घराण्यात एखादी असते. घुगऱ्या खाल्लेली मंडळी ती अजून सांगतात.

पत्रिकेतलं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं का?

पत्रिकेतलं ते नावरस नाव. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, असे एकशे आठ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आर्द्रेच्या चरणांत ङ आणि छ येतात, तिथे भटजीही विचारात पडतात. दाते पंचांग उघडून अक्षर काढायचं, त्यावरून पत्रिकेपुरतं नाव आणि हाक मारायला आवडीचं वेगळं. काही घरांनी अक्षर पाळलं, म्हणून एखादा हेरंब किंवा डिगंबर सचिनांच्या गर्दीत उठून दिसतो.

मुलींसाठी नक्षत्रांनी थेट नावंच पुरवली: अश्विनी, रोहिणी, स्वाती, विशाखा, अनुराधा, रेवती. यातल्या सगळ्या त्याच नक्षत्रावर जन्मल्या असतील असं समजू नका.

आईच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर मंदाकिनी आणि आधारवर वैशाली आहे. चूक कुणाची?

कुणाचीच नाही, तो रिवाज होता. लग्नात नवऱ्याकडच्यांनी तबकातल्या तांदळात नवं नाव लिहायचं आणि सुनेने ते उचलायचं. पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही एका दुपारीत बदलायची. सासरी आधीच एक मंदाकिनी आहे, किंवा नाव जुनाट वाटतं, किंवा नवऱ्याच्या नावाशी जुळत नाही, एवढं कारण पुरायचं. सत्तरच्या दशकात जन्मलेल्या मुलींच्या लग्नांपर्यंत, म्हणजे नव्वदच्या दशकापर्यंत, हे बऱ्याच घरांत चालू होतं. अनेकींनी ते हौसेने घेतलं, अनेकींनी नाइलाजाने, आणि माहेरी गेल्यावर जुन्या नावाने हाक आली की चेहरा कसा बदलतो हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

कागदोपत्री दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो नसेल किंवा त्यावर जुनं नाव नसेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. पेन्शन, वारसनोंद, पासपोर्ट यांपैकी काही निघण्याआधीच हे करून ठेवा. ऐनवेळी दोन नावांची बाई एकच आहे हे पटवताना घाम फुटतो.

"नकुशा" हे नाव खरंच ठेवत असत?

हो. मुलगा हवा असताना तिसरी-चौथी मुलगी झाली की नकुशा, नकोशी. सातारा भागात असं नाव असलेल्या मुली इतक्या होत्या की ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून शेकडो मुलींची नावं बदलली. त्या मुली बऱ्याच नंतरच्या पिढीतल्या. सत्तरच्या दशकातल्या नकुशांसाठी असा समारंभ झाला नाही. काहींना लग्नातल्या त्या तांदळानेच नवं नाव दिलं.

१९७५ साली जन्मलेलं पात्र लिहितोय. नाव काय ठेवू?

पहिल्या नावापेक्षा मधल्या नावाकडे जास्त लक्ष द्या. मराठी पूर्ण नावात दोन पिढ्या शेजारी उभ्या असतात. "सचिन मधुकर" खरा वाटतो, "वैशाली अशोक" खरी वाटते, "सचिन अक्षय" मात्र वाचकाला लगेच खटकतो, कारण अक्षयच सचिनपेक्षा धाकटा आहे. वडील १९४५ च्या सुमाराचे धरून वसंत, शरद, अरविंद, दिलीप, विलास, प्रकाश, सुरेश यातलं काही घ्या. खेड्यातला असेल तर पांडुरंग, तुकाराम, बबन, शंकर.

आईचं नाव सुनंदा, मंदा, शोभा, विजया, अलका. आणि घरातली हाक विसरू नका: राजू, बंडू, पिंटू, पप्पू, बाळ्या, मुलीला छकुली, बेबी, पिंकी, ताई. त्या पिढीत टोपणनावाशिवाय माणूस पूर्ण होत नाही. पन्नाशीतला मोठा साहेबही गल्लीत आला की पिंटूच.

नीलेश की निलेश? दीपाली की दिपाली?

नील आणि दीप दोन्ही दीर्घ, म्हणून नीलेश, दीपाली. पण दाखल्यावर जे आहे तेच तुमचं कायदेशीर नाव. शुद्धलेखनाच्या ओढीने आधारवर वेगळं आणि पॅनवर वेगळं करून ठेवू नका.

१९७६ चा जन्मदाखला काढला, त्यावर नावच नाही.

त्या काळच्या दाखल्यांत ही अगदी नेहमीची गोष्ट. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. बाळाचा जन्म नोंदवला जायचा, पण बारसं बाराव्या दिवशी, आणि नाव सांगायला पुन्हा कोण जाणार? म्हणून रकाना रिकामा. नियमाप्रमाणे नाव नोंदवायला एक वर्ष विनाशुल्क आणि पुढे विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी ही मुदत वाढवली आहे, तेव्हा ज्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंद आहे तिथल्या जन्म-मृत्यू विभागात शाळेचा दाखला घेऊन चौकशी करा.

ही लाट कधी ओसरली?

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. सचिन, अमोल यांची जागा स्वप्नील, अमित, रोहित, अजिंक्य यांनी घेतली. मग शुभम, अक्षय, ओंकार, अनिकेत आणि मुलींमध्ये पूजा, प्रियांका, स्नेहा, श्रद्धा आल्या. त्यांचंही पुढे तेच झालं. आजच्या बालवाडीत तीन विहान आणि चार अन्वी आहेतच.

आत्ता आमच्या बाळाला यातलं एखादं नाव ठेवावं का?

केदार, मंदार, अभिजित, रेवती, रोहिणी, पल्लवी ही नावं बिनधास्त ठेवा. जुनी वाटत नाहीत आणि वर्गात एकटीच असतील. नीलेश, रूपाली यांना अजून वेळ आहे. आत्ता ठेवली तर लोक बाळाच्या काकाचं नाव समजतील. आजोबांचा सखाराम मात्र पुन्हा येऊ शकतो. कबीर, विठ्ठल, रमा, इरावती यांना शहरात हल्ली चांगला भाव आहे.

ठेवाल ते नाव लांबी बघून ठेवा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, तेव्हा आत्याची चिठ्ठी बाराव्या दिवसापर्यंत तयार ठेवा आणि नाव त्याच फेरीत लिहून या.